स्वस्त गोळीचा हिशेब : जेनेरिक औषधं आणि सरकारी आरोग्यखर्च

मोशीत राहून चाकणला कामाला जाणाऱ्या एखाद्या कामगाराला डॉक्टरांनी रक्तदाबासाठी ॲम्लोडिपिन सुरू केलं, तर ती गोळी त्याला अनेक ठिकाणी मिळू शकते. पगार एकवीस हजारांच्या आत असेल आणि ठेकेदाराने रीतसर नोंदणी केली असेल, तर ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा) दवाखान्यात. नाहीतर महापालिकेच्या दवाखान्यात, किंवा कामावरून परतताना चाकणच्या ग्रामीण रुग्णालयात. तिथली रांग परवडत नसेल तर जनऔषधी केंद्रात, आणि तेही जवळ नसेल तर पुणे-नाशिक रस्त्यावरच्या कुठल्याही मेडिकलमध्ये. गोळीतला औषधी घटक सगळीकडे तोच. बदलतो तो पैसे भरणारा : कुठे कामगार-मालकाची वर्गणी, कुठे शहराचा कर, कुठे राज्याचा अर्थसंकल्प, कुठे कामगाराचा स्वतःचा खिसा.

जेनेरिक औषधांनी सरकारचा आरोग्यावरचा खर्च कमी होईल का, या चर्चेत हा फरक फार लवकर पुसला जातो. ‘स्वस्त औषध’ म्हटलं की कोणासाठी स्वस्त, हे विचारायचं राहून जातं. या लेखात वादाची पार्श्वभूमी, त्यातल्या मुख्य बाजू आणि अजून न सुटलेले प्रश्न क्रमाने पाहू. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशातल्या एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा २०१३-१४ साली ६४.२ टक्के होता; २०२१-२२ साली तो ३९.४ टक्क्यांवर आला. त्याच वर्षी सरकारांचा एकत्रित आरोग्यखर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या १.८४ टक्के होता. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत तो अडीच टक्क्यांवर नेण्याचं उद्दिष्ट ठेवलं होतं. म्हणजे ज्या खर्चात कपात शोधायची तो मुळातच तोकडा आहे. ही गोष्ट पुढच्या प्रत्येक मुद्द्याला लागू पडते.

पिंपरीतली सुरुवात

या विषयाचा इतिहास मोशीपासून काही किलोमीटरवर सुरू होतो. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्स लिमिटेड ही केंद्र सरकारची पहिली औषध कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांचं साहाय्य होतं, आणि १९५५ साली पेनिसिलीनचं उत्पादन सुरू झालं. पुढे स्ट्रेप्टोमायसिन आलं. इथल्याच संशोधन विभागात डॉ. एम. जे. थिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी हॅमायसिन हे बुरशीविरोधी औषध शोधलं. ‘एचए कंपनी’ या नावाने पिंपरीकर आजही तो परिसर ओळखतात.

सरकारने स्वतः औषध बनवण्यामागे कारण होतं. अमेरिकी सिनेटर केफॉव्हर यांच्या समितीने साठच्या दशकाच्या सुरुवातीला नोंदवलं की प्रतिजैविकांच्या किमती भारतात जगातल्या सर्वांत चढ्या किमतींपैकी आहेत. पेटंट कायदा ब्रिटिश काळातला, बाजार परदेशी कंपन्यांच्या हाती. न्या. राजगोपाल अय्यंगार यांच्या १९५९ च्या अहवालाच्या आधारे १९७० चा पेटंट कायदा झाला आणि १९७२ पासून अमलात आला. त्याने औषधाच्या रेणूवर पेटंट देणं बंद केलं. ते फक्त बनवण्याच्या प्रक्रियेला मिळू लागलं. वेगळ्या प्रक्रियेने तेच औषध बनवायला वाट मोकळी झाली आणि आज जगाला जेनेरिक पुरवणारा भारतीय उद्योग त्या वाटेने उभा राहिला.

पुढचा टप्पा जयसुखलाल हाथी समितीचा. १९७५ च्या अहवालात समितीने औषधांची व्यापारी नावं टप्प्याटप्प्याने काढून मूळ नावाने विक्री व्हावी असं सुचवलं. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने ॲनाल्जिन, ॲस्पिरिन यांसारख्या पाच औषधांपुरता तो प्रयोग करून पाहिला, पण कंपन्या दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि तो टिकला नाही. किंमत नियंत्रणाचा आवाकाही आकसत गेला : १९७९ च्या आदेशात ३४७ मूळ औषधं नियंत्रणाखाली होती, १९८७ साली १४२ आणि १९९५ साली सत्तरच्या आसपास.

जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे २००५ पासून रेणूवरचं पेटंट परत आलं. मात्र कायद्यात कलम ३(ड) घातलं गेलं : जुन्याच औषधात किरकोळ बदल करून नवं पेटंट घेता येणार नाही. ग्लिवेक या कर्करोगाच्या औषधाबाबत सर्वोच्च न्यायालयाने १ एप्रिल २०१३ रोजी हे कलम उचलून धरलं. त्याआधी मार्च २०१२ मध्ये सोराफेनिब या कर्करोगाच्या दुसऱ्या औषधासाठी देशातला पहिला सक्तीचा परवाना (पेटंटधारकाच्या संमतीविना उत्पादनाचा) नॅटको कंपनीला मिळाला होता. महिन्याचा खर्च सुमारे दोन लाख ऐंशी हजारांवरून ८,८०० रुपयांवर आला.

दुकानातलं चित्र

परदेशातले आकडे इथे जसेच्या तसे लावले की गोंधळ होतो, म्हणून बाजाराची रचना आधी सांगायला हवी. अमेरिकेत डॉक्टरांच्या चिठ्ठ्यांवरची दर दहापैकी सुमारे नऊ औषधं जेनेरिक असतात. पेटंटवालं महाग औषध आणि पेटंट संपल्यावरचं स्वस्त औषध, अशी तिथे सरळ विभागणी आहे. आपल्याकडे बाजारातली बहुतेक औषधं पेटंट संपलेली किंवा कधीच पेटंट नसलेली, म्हणजे मुळात जेनेरिकच आहेत. पण ती प्रत्येक कंपनीच्या स्वतःच्या नावाने विकली जातात. कंपनीचा एमआर (वैद्यकीय प्रतिनिधी) डॉक्टरांकडे जातो, डॉक्टर ते नाव लिहितो, दुकानदार ते देतो. याला ब्रँडेड जेनेरिक म्हणतात.

दुसरा प्रकार ट्रेड जेनेरिक. त्यात एमआर नाही, डॉक्टरांपर्यंत प्रचार नाही. कंपनी थेट घाऊक व्यापाऱ्यामार्फत दुकानदाराला कमी भावात माल देते आणि पाकिटावर एमआरपी मात्र चढी छापते. २०११ साली ‘इंडियन जर्नल ऑफ फार्माकॉलॉजी’त आलेल्या एका अभ्यासात एकाच कंपनीची पाच औषधं दोन्ही रूपांत तपासली होती. दर्जात फरक आढळला नाही. दुकानदाराचं मार्जिन मात्र ब्रँडवर २५ ते ३० टक्के, आणि जेनेरिकवर २०१ ते १०१६ टक्के होतं. औषध स्वस्तात तयार झालं तरी रुग्णाला ते स्वस्त पडेलच असं नाही, हे या आकड्यांवरून दिसतं. ‘जेनेरिक घ्या’ या सल्ल्याबद्दल दुकानाच्या काउंटरवर जो अविश्वास आहे, त्याचं एक कारण इथे आहे.

तिसरा प्रकार फक्त मूळ नावाने विकलं जाणारं औषध. जनऔषधी केंद्रांत आणि सरकारी पुरवठ्यात दिसतं ते.

बचतीची बाजू

जेनेरिकमुळे सार्वजनिक पैसा वाचतो याचा सर्वांत भक्कम पुरावा एचआयव्हीच्या औषधांचा आहे. २००१ च्या फेब्रुवारीत सिप्लाच्या युसूफ हमीद यांनी तीन औषधांचा वर्षाचा उपचार ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ला ३५० डॉलरला देऊ केला. तोवर त्याची किंमत दहा हजार डॉलरच्या पुढे होती. भारत सरकारने १ एप्रिल २००४ पासून मोफत एआरटी उपचार सुरू केले, ते या किमतीच्या जोरावर. भोसरीतल्या, पूर्वी राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेचा परिसर मोशीपासून जवळच आहे. तिथल्या डॉक्टरांनी या औषधांआधीचा आणि नंतरचा, असे दोन्ही काळ पाहिले आहेत.

ताजं उदाहरण क्षयाचं. औषधांना दाद न देणाऱ्या क्षयावरच्या बेडाक्विलिनच्या पेटंटची मुदत वाढवून घेण्याचा अर्ज भारतीय पेटंट कार्यालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळला. आक्षेप घेणाऱ्यांत क्षयातून बऱ्या झालेल्या मुंबई परिसरातल्या पत्रकार नंदिता वेंकटेशन होत्या. त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय खरेदीत भारतीय जेनेरिकची स्पर्धा आल्यावर मूळ कंपनीचा सहा महिन्यांच्या उपचाराचा दर १३० डॉलरपर्यंत उतरला. क्षयाची औषधं सरकारच विकत घेतं, त्यामुळे इथली बचत थेट सरकारी तिजोरीची आहे.

मधुमेहाच्या औषधांच्या किमतीही अशाच उतरल्या. २०२२ साली सिटाग्लिप्टिनचं पेटंट संपलं आणि जनऔषधी केंद्रांत ५० मिलिग्रॅमच्या दहा गोळ्या ६० रुपयांना आल्या. मार्च २०२५ मध्ये एम्पाग्लिफ्लोझिनचं पेटंट संपल्यावर साठ रुपयांच्या आसपासची गोळी काही कंपन्यांनी सहा रुपयांच्या आत आणली.

या बाजूच्या अभ्यासकांत महाराष्ट्राचा वाटा मोठा आहे. लोकविज्ञान संघटना आणि जन आरोग्य अभियानाशी जोडलेले पुण्याचे डॉ. अनंत फडके यांनी सातारा जिल्ह्यातल्या औषधपुरवठ्याचा अभ्यास केला. १९९८ साली तो पुस्तकरूपात आला. ‘ऑल इंडिया ड्रग ॲक्शन नेटवर्क’ आणि बडोद्याची ‘लोकॉस्ट’ ही ना-नफा औषधनिर्मिती संस्था २००३ साली औषधांच्या किमतींचा प्रश्न घेऊन सर्वोच्च न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं नुसतं ‘जेनेरिक वापरा’ एवढंच नाही. आवश्यक औषधांची यादी, निरर्थक मिश्रणांवर बंदी, उत्पादनखर्चावर आधारलेली किंमत आणि सरकारी खरेदी या चार गोष्टी एकत्र आल्याशिवाय बचत टिकत नाही, असं ते सांगतात. २०१३ च्या किंमत आदेशावर त्यांचा आक्षेप याच जागी आहे. त्या आदेशात बाजारात एक टक्का किंवा त्याहून जास्त हिस्सा असलेल्या ब्रँडांच्या किमतींची सरासरी काढून, त्यात दुकानदाराचे १६ टक्के मिळवून कमाल किंमत ठरते. बाजारातच भाव चढे असतील तर सरासरीही चढीच येणार. उलट उद्योगाचं म्हणणं असं, की उत्पादनखर्चाचा हिशेब दरवर्षी सरकारी टेबलांवर अडकतो आणि त्यात औषधच बाजारातून नाहीसं होतं. हा दुसरा मुद्दा झटकून टाकण्यासारखा नाही. त्याकडे पुढे येतो.

डॉक्टरांचा आक्षेप

२००२ च्या वैद्यकीय आचारसंहितेत डॉक्टरांनी शक्यतो मूळ नावाने औषध लिहावं असं होतं. २०१६ साली तिची भाषा कडक झाली आणि सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहिण्याची भर पडली. २ ऑगस्ट २०२३ रोजी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने नवे नियम काढून त्याला कारवाईची धार दिली. इंडियन मेडिकल असोसिएशनने तीव्र विरोध केला आणि तीन आठवड्यांच्या आत ते नियम स्थगित झाले.

डॉक्टरांच्या संघटनांचं म्हणणं दोन भागांत आहे. एक : मूळ नाव लिहिलं तर कुठल्या कंपनीचं औषध द्यायचं हे दुकानदार ठरवणार. रुग्ण बरा झाला नाही तर जबाब मात्र डॉक्टर देणार. दोन : देशातल्या प्रत्येक जेनेरिकच्या दर्जाची खात्री नाही. पहिल्या मुद्द्यात व्यावसायिक हितसंबंध मिसळलेले आहेत असं म्हणणारे बरेच आहेत आणि त्यांच्या शंकेला आधारही आहे. पण दुसरा मुद्दा पुराव्याने तपासायला हवा.

२००८ साली ‘जामा’ या नियतकालिकात हृदयविकाराच्या औषधांवरच्या ४७ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला. ब्रँड आणि जेनेरिक यांच्या परिणामांत रुग्णाच्या दृष्टीने फरक आढळला नाही. त्याच लेखकांनी त्या काळातली ४३ संपादकीयंही तपासली. २३ संपादकीयांचा सूर जेनेरिककडे वळण्याच्या विरोधात होता. डॉक्टरांचं मत पुराव्यापासून किती सुटलेलं असू शकतं, ते यात दिसतं.

मात्र हा पुरावा जिथला आहे तिथे प्रत्येक जेनेरिकला मंजुरीआधी रक्तातल्या मात्रेची तुलना, म्हणजे जैवसमतुल्यता, सिद्ध करावी लागते. आपल्याकडे औषध बाजारात येऊन चार वर्षं झाली की ते ‘नवं’ राहत नसे आणि मग राज्याकडून या चाचणीविना परवाना मिळे. एप्रिल २०१७ मध्ये नियम बदलला. पाण्यात सहज न विरघळणाऱ्या औषधांच्या गोळ्या-कॅप्सूलसाठी ही चाचणी सक्तीची झाली. त्याआधी परवाना मिळालेली उत्पादनं बाजारात आहेतच. अपस्माराचं फेनिटॉइन, रक्त पातळ ठेवणारं वॉर्फरिन, थायरॉइडची लेव्होथायरॉक्सिन यांत मात्रेतला थोडा फरकही भोवतो. तिथे रुग्णाची कंपनी दर महिन्याला बदलू नये, हा डॉक्टरांचा आग्रह रास्त आहे.

दर्जाचे राष्ट्रीय आकडे आणखी अस्वस्थ करतात. २०१४ ते २०१६ मध्ये झालेल्या राष्ट्रीय औषध सर्वेक्षणात ४७ हजारांहून जास्त नमुने तपासले गेले. दुकानांतून घेतलेल्या नमुन्यांपैकी सुमारे तीन टक्के अप्रमाणित निघाले. सरकारी पुरवठ्यातल्या नमुन्यांत हे प्रमाण १०.०२ टक्के होतं. सरकारी दवाखान्यावरच ज्याची भिस्त आहे, त्याच्या वाट्याला निकृष्ट गोळी येण्याची शक्यता तिपटीने जास्त. या संपूर्ण विषयात मला सर्वांत जड वाटणारा आकडा हाच आहे. ‘सर्वांत कमी दराची निविदा’ एवढाच निकष ठेवला आणि मालाची तपासणी केली नाही, तर वाचलेला पैसा रुग्णाच्या शरीरातून वसूल होतो.

महाराष्ट्राला हे आधीच माहीत आहे. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले. त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होतं. न्या. बख्तावर लेंटिन आयोगाने पुरवठादार, रुग्णालय, औषध प्रशासन आणि मंत्री या सगळ्या पातळ्यांवरची ढिलाई उघड केली. २०२४ साली नागपूर ग्रामीण पोलिसांच्या आरोपपत्रात आलं, की सरकारी रुग्णालयांना पुरवलेल्या बनावट प्रतिजैविक गोळ्यांत औषधाऐवजी टाल्कम पावडर आणि स्टार्च होता. पण याचं खापर मूळ नावाच्या औषधावर फोडण्याआधी २०२५ ची घटना आठवावी : छिंदवाड्याची जी मुलं खोकल्याच्या औषधाने दगावली, त्यांतली अनेक नागपुरात उपचार घेत होती. ते औषध व्यापारी नावाचं होतं आणि खासगी चिठ्ठीवर लिहिलेलं होतं. व्यापारी नाव असलं म्हणून दर्जाची हमी मिळत नाही. हमी मिळते ती उत्पादनाच्या आणि प्रत्येक बॅचच्या तपासणीतून. औषधनिर्मितीचे सुधारित ‘शेड्यूल एम’ निकष २०२३ अखेरीला अधिसूचित झाले. लहान कारखान्यांना आधी एक वर्षाची आणि मग आणखी मुदत द्यावी लागली, यावरून बऱ्याच कारखान्यांची तयारी किती होती हे समजतं.

काउंटरवरची अडचण

डॉक्टरने ब्रँड लिहिला आणि फार्मासिस्टने त्याच घटकाची स्वस्त गोळी दिली, तर? औषध नियमांप्रमाणे चिठ्ठीवरच द्यायच्या औषधांच्या बाबतीत लिहिलेलं सोडून दुसरं उत्पादन देता येत नाही, घटक तोच असला तरी. अमेरिका-युरोपातली बरीचशी बचत फार्मासिस्टच्या या बदलीच्या अधिकारातून येते. आपल्याकडे तो अधिकार द्यावा असं धोरणात अनेकदा सुचवलं गेलं. विरोधकांचा सवाल सरळ आहे : ज्या दुकानात फार्मासिस्ट प्रत्यक्ष हजर नसतो, तिथे हा अधिकार कोणाच्या हातात जाईल? महेश झगडे राज्याचे औषध आयुक्त असताना, २०११ नंतरच्या काळात, फार्मासिस्टच्या हजेरीवरून झालेली कारवाई आणि त्यावरचे केमिस्टांचे बंद इथल्या वाचकांच्या लक्षात असतील. शिवाय ज्या दुकानदाराला जेनेरिकवर कित्येक पट मार्जिन मिळतं, त्याच्याकडून सर्वांत स्वस्त गोळीच दिली जाईल याची खात्री नाही.

खरेदी : तमिळनाडू आणि आपण

सरकारी खर्चापुरतं बोलायचं तर वादाचा निकाल खरेदीत लागतो. तमिळनाडूने १९९४ साली वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापन केलं. आवश्यक औषधांची यादी ठरलेली, निविदेत तांत्रिक आणि आर्थिक पाकिटं वेगळी, माल थेट जिल्ह्याच्या गोदामात. आल्या-आल्या प्रत्येक बॅचचा नमुना कंपनीचं नाव झाकून प्रयोगशाळेकडे जातो. अहवाल आल्याशिवाय वाटप होत नाही आणि नापास कंपनी काळ्या यादीत जाते. रुग्णालयांना पासबुक मिळतं, त्यातल्या रकमेपुरता माल त्यांनी आपल्या गरजेनुसार उचलायचा. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषध योजना आणली, ती याच धर्तीवर.

महाराष्ट्राची वाट अडखळत गेली. २०१७ साली सरकारी खरेदी हाफकिन जीवऔषध निर्माण महामंडळाकडे दिली गेली. पिंपरीत सर्पदंशावरचं प्रतिविष बनवणारी, लशींचा मोठा वारसा असलेली ही संस्था. पण हजारो वस्तूंची वेळेवर खरेदी हे वेगळंच काम. खरेदी रखडल्याच्या तक्रारी वाढल्या, रुग्णालयं स्थानिक खरेदीवर आली आणि स्थानिक खरेदीत ना घाऊक दर मिळतो ना बॅचची तपासणी होते. २०२३ साली राज्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरणाचा कायदा केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात नांदेडच्या शासकीय रुग्णालयात चोवीस तासांत २४ मृत्यू झाले. औषधटंचाईचा आरोप झाला, सरकारने तो नाकारला, आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

त्याच वर्षी १५ ऑगस्टपासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत झाले. चाकणचं ग्रामीण रुग्णालय त्यात येतं. पिंपरीचं यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय महापालिकेचं असल्याने त्या निर्णयात येत नाही. महात्मा फुले जनआरोग्य योजना मुख्यतः दाखल रुग्णांच्या उपचारांसाठी आहे. बीपी-शुगरच्या रोजच्या गोळ्या त्यात बसत नाहीत. परिणामी ‘हे बाहेरून आणा’ असं सांगून हातात दिलेली चिठ्ठी बरंच काही ठरवते. ती चिठ्ठी लिहिली की सरकारच्या वहीत खर्च कमी दिसतो आणि घरच्या वहीत वाढतो. मुंबई महापालिकेने आपल्या रुग्णालयांसाठी बाहेरची चिठ्ठी बंद करण्याचं धोरण जाहीर केलं, तेव्हा पहिला प्रश्न आला तो औषधांसाठी जास्तीच्या तरतुदीचा. मोफत औषध खरोखर मिळू लागलं की सरकारचा खर्च वाढतो. जेनेरिक खरेदी ती वाढ आवाक्यात ठेवते. माझ्या मते वादाची मांडणी इथून व्हायला हवी : त्याच पैशात किती जास्त लोकांना वर्षभर गोळी मिळेल?

जनऔषधी

२५ नोव्हेंबर २००८ रोजी अमृतसरला पहिलं जनऔषधी दुकान उघडलं. पुरवठा सरकारी औषध कंपन्यांनी करायचा होता, त्यांत पिंपरीची एचएही होती. या कंपन्या तोवर आजारी पडल्या होत्या. माल मिळेना आणि योजना रेंगाळली. २०१५ नंतर खुल्या निविदांनी खरेदी सुरू झाली, २०२५ च्या सुरुवातीला केंद्रांची संख्या पंधरा हजारांवर गेली. अव्वल तीन ब्रँडांच्या सरासरी किमतीच्या निम्म्याहून जास्त दर नसावा, असा नियम आहे, आणि दुकानदाराचं मार्जिन २० टक्क्यांवर बांधलेलं आहे. ट्रेड जेनेरिकमधला छापील किमतीचा खेळ इथे संपतो, ही योजनेची खरी जमेची बाजू.

टीका दोन प्रकारची आहे. काही औषधं संपलेली असतात आणि रुग्णाला अर्धी चिठ्ठी घेऊन पुन्हा मेडिकलमध्ये जावं लागतं. दुसरी टीका धोरणाची : इथेही पैसे रुग्णच भरतो. सरकारी रुग्णालयाच्या आवारात जनऔषधी केंद्र असेल, तर आतून मोफत मिळायला हवं ते औषध विकत घ्यायची सोय केली, असं त्याचं रूप होऊ शकतं. समर्थक म्हणतात, ज्यांनी सरकारी दवाखाना कधीच सोडला त्यांच्यासाठी हा एकमेव आधार आहे. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. जनऔषधीला सरकारी मोफत औषधाचा पर्याय म्हणून मोजायचं की सरकारी दवाखाना सोडलेल्यांचा आधार म्हणून, हे ठरलेलं नाही.

किंमत फार उतरली की

ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्रीय औषध किंमत प्राधिकरणाने आठ औषधांच्या कमाल किमती पन्नास टक्क्यांनी वाढवल्या. दर इतका कमी होता की कंपन्या उत्पादन बंद करत होत्या. त्या आठांत बेंझिल पेनिसिलीन आणि स्ट्रेप्टोमायसिन होती, म्हणजे एकेकाळी पिंपरीत बनणारीच दोन औषधं.

पेनिसिलीन वर्षानुवर्षं स्वस्त होत गेलं. चीनमधून त्याचा कच्चा माल अशा दरात येऊ लागला की इथला किण्वनाचा कारखाना चालवणं परवडेना. एचएतलं पेनिसिलीन थांबलं. देशाची कच्च्या औषधांची आयात मोठ्या प्रमाणात चीनवर टेकली. २०१६ च्या डिसेंबरात केंद्रीय मंत्रिमंडळाने एचएची जादा जमीन विकून देणी भागवण्याचा आणि कंपनी निर्गुंतवणुकीला काढण्याचा निर्णय घेतला. चार वर्षांनी, कोविडच्या वर्षात, त्याच सरकारला कच्च्या औषधांसाठी उत्पादन प्रोत्साहन योजना आणावी लागली, आणि पेनिसिलीन-जीचा नवा खासगी कारखाना आंध्रात काकिनाड्याजवळ उभा राहिला.

संधिवाती हृदयविकार झालेल्या मुलाला पेनिसिलीनची इंजेक्शनं वर्षानुवर्षं लागतात. ती काही रुपयांची असतात, आणि नेमकी तीच मिळेनाशी होतात. स्वस्त असणं आणि मिळणं यांत ताण आहे, हे इथे उघड दिसतं. काही अर्थतज्ज्ञ सुचवतात की सरकारने सर्वांत कमी दराच्या एकाच पुरवठादाराऐवजी दोन-तीन पुरवठादार, दीर्घ मुदतीचे करार आणि ठरलेल्या तारखेला बिलं भागवण्याची हमी द्यावी. दर थोडा चढेल, पण साठा राहील. सार्वजनिक कारखाना पुन्हा उभा करावा असंही एक मत आहे. त्याला विरोध करणारे एचएच्या तोट्याची वर्षं दाखवतात. समर्थक विचारतात, की बाजारभावाने तोट्यात असलेला कारखाना टंचाईच्या वर्षी देशाला किती वाचवतो, हे त्या ताळेबंदात कुठे लिहिलेलं होतं?

न सुटलेलं

काही प्रश्नांची उत्तरं माहितीअभावी अडकली आहेत. सरकारी खरेदीचे दर प्रसिद्ध होतात, पण एखाद्या रुग्णालयात कोणतं औषध किती दिवस संपलेलं होतं, किती रुग्णांना बाहेरची चिठ्ठी दिली गेली आणि आलेल्या मालातल्या किती बॅच तपासणीत नापास झाल्या, हे एकत्र कुठे दिसत नाही. ते दिसत नाही तोवर ‘जेनेरिकने एवढे कोटी वाचले’ हा दावा आणि ‘जेनेरिकने रुग्णांचं नुकसान केलं’ हा आरोप, दोन्ही तपासता येत नाहीत.

चाकण-मोशी पट्ट्यात याला आणखी एक पदर आहे. ठेकेदार बदलला की कामगाराचा ईएसआय क्रमांक, दवाखाना आणि कधीकधी नोंदणीच तुटते. बीपीची गोळी मात्र रोज लागते. तीन वेगवेगळ्या सरकारी यंत्रणा याच माणसासाठी तीच गोळी वेगवेगळ्या दराने खरेदी करतात. त्यांनी एकत्र खरेदी करावी का, आणि एका यंत्रणेचा कागद दुसरीने मानावा का, यावर राज्यात अजून गंभीर चर्चा झालेली नाही.

मोशीत महापालिकेचं मोठं रुग्णालय उभारण्याची योजना आहे. त्याच्या इमारतीच्या खर्चाची चर्चा होते. त्याच्या औषधभांडाराची यादी कोणती असेल, खरेदी राज्याच्या प्राधिकरणातून होईल की शहराच्या निविदेतून, बॅचची तपासणी कोण करेल आणि साठा संपल्याचे दिवस फलकावर लागतील का, याचे निर्णय पहिला रुग्ण दाखल होण्याच्या आधी घ्यावे लागतील.